दोनदा पडलेलं मीठ

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मॅडम, माझं वय 46. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. घरात पाच माणसं: सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मिस्टरांचं नव्या पेठेत दुकान आहे, त्यांना आठ वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. सासूबाई 72 वर्षांच्या. त्यांच्या हातची शेंगाचटणी सगळ्या नात्यात प्रसिद्ध, पुण्या-मुंबईला डबे जातात. गेल्या महिन्यात त्यांनी चटणी केली आणि तिच्यात मीठ दोनदा पडलं. कुणी काही बोललं नाही. त्यांनी स्वतःच चाखली, ताट बाजूला सारलं आणि रडायला लागल्या. वर्षभरापासून तेच तेच विचारतात, गॅसवर दूध विसरतात. माझ्या आईलाही शेवटची सहा वर्षं डिमेन्शिया होता, शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती. म्हणून मी धसका घेतलाय. मोबाइलवर रोज काहीतरी येतं. अक्रोड खा, खोबरेल तेल प्या, गहू सोडा. आम्ही शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. दिवसभरात आम्ही काय खातो ते शेवटच्या पानावर लिहिलंय. हे खाण्यामुळेच होतं का? आईला मी नीट खाऊ घातलं नाही म्हणून तिला झालं का? आता मी काय बदलू?"

ताई,

आधी तुमच्या आईचं बोलू. ते ओझं उतरल्याशिवाय बाकीचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही.

माझे वडील आयुष्यभर पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चालले. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नाही. रात्री आठला ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वर वाटीभर ताक, की जेवण संपलं. वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांना आल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार, झाल्याचं कळलं. मी आहारतज्ज्ञ, लोकांना ताटं आखून देणारी, आणि माझ्याच घरात हे. दोन वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्या ताटातली चूक शोधत होते. ती सापडली नाही, कारण ती तिथे नव्हतीच. वय आणि वारसा या दोन गोष्टी कुणाच्या स्वयंपाकघरात शिजत नाहीत. शिवाय या आजाराची सुरुवात मेंदूत लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी झालेली असते. आईच्या शेवटच्या सहा वर्षांत तुम्ही तिला सोन्याच्या ताटात वाढलं असतं तरी तो घोडा गावाबाहेर गेलेला होता. तुम्ही तिला भरवलंत, तेवढं पुरे होतं.

मग खाण्याचा काहीच संबंध नाही का? आहे. पण मोबाइलवाले सांगतात त्या वाटेने नाही.

त्याआधी सासूबाईंचं, कारण ते तातडीचं आहे. "वय झालं, चालायचंच" असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना माझं नाव सांगून गप्प करा. साठी ओलांडलेल्या शंभर जणांमागे आपल्या देशात साधारण सात जणांना डिमेन्शिया असतो, म्हणजे त्र्याण्णव जणांना नसतो. तेच तेच विचारणं, गॅसवर दूध विसरणं, हातात बसलेल्या पदार्थात चूक होणं याची तपासणी व्हायलाच हवी. आणि तपासणीत पहिली ओळ बी-12 ची असू द्या.

तुमचं घर शाकाहारी आहे, म्हणून मी हे मुद्दाम म्हणते. बी-12 हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. भाजीत, डाळीत, धान्यात ते नसतं. कितीही पौष्टिक पालेभाजी खाल्ली तरी ते त्यातून मिळत नाही. तुमच्या यादीत सासूबाईंचं दूध म्हणजे चहातलं दूध, एवढंच दिसलं. "पित्त होतं" म्हणून त्या दही खात नाहीत आणि रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतात. उतारवयात पोटातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-12 अंगी लागत नाही, आणि त्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की आणखीच कमी लागतं. हे फार उतरलं तर तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, जीभ लाल होऊन सोलवटते आणि विसरायला होतं. विसराळूपणाची जी थोडी कारणं दुरुस्त होतात त्यांतलं हे एक. दुसरं थायरॉइड. तिसरं मनाची उदासी, जी या वयात विसरण्याचं सोंग घेऊन येते. शिवाय सोडियम (रक्तातलं मीठ), साखर, हिमोग्लोबिन, किडनी हेही बघून घ्या, आणि त्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. झोपेची किंवा सर्दीची साधी गोळीही म्हातारपणी डोकं बधिर करते. रिपोर्टमध्ये बी-12 कमी निघालं तर डॉक्टर इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू करतील. मात्र ते नीट असेल तर वरून आणखी घेऊन स्मरणशक्ती वाढत नाही, तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणू नका.

मिस्टरांचंही बी-12 त्याच दिवशी करून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते उतरतं. शुगरच्या पेशंटचे पाय बधिर झाले की सगळे शुगरलाच दोष देतात आणि हा दुसरा चोर निसटतो.

एक सावधगिरी सांगून पुढे जाते. विसरणं हळूहळू वाढत असेल तर आठवडाभरात अपॉइंटमेंट घेतली तरी चालते. पण एखाद्या दिवशी त्या अचानक बरळायला लागल्या, दिवस-रात्र कळेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यामागे लघवीचा संसर्ग असतो, उतरलेलं सोडियम असतं, कधी पक्षाघातही असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो तेव्हा तर नुसत्या पाणी कमी पिण्यानेही म्हातारी माणसं भांबावतात. त्यांना तहान लागल्याचं कळत नाही. मागायची वाट न बघता तांब्या जवळ नेऊन ठेवायचा.

आता खाण्याचा आणि मेंदूचा संबंध. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला 20 टक्के वाटा तो एकटा घेतो. ही ऊर्जा रक्तातून येते आणि रक्त केसांहून बारीक नळ्यांतून पोचतं. सोलापूरकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. उजनी तुडुंब भरलेलं असतं, तरी शेवटच्या गल्लीतल्या नळाला करंगळीएवढी धार येते, कारण मधल्या पाइपात कुठे गंज, कुठे गळती, कुठे दाबच नाही. बीपी वाढलेलं, साखर वाढलेली, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं, हे वीस-वीस वर्षं चाललं की मेंदूच्या शेवटच्या गल्ल्या कोरड्या पडतात. आणि शेवटची गल्ली सुकताना आधी कळत नाही. अक्रोडात किंवा ब्राह्मीत मेंदूचं कुठलंही गुपित नाही. जे हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मानवतं तेच मेंदूला मानवतं. माझं म्हणणं सगळं मिळून एवढंच आहे, बाकीचं हिशोबाचं.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने 2024 मध्ये डिमेन्शियाची बदलता येतील अशी 14 कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगातली सुमारे 45 टक्के प्रकरणं टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज. त्या यादीत 'आहार' असं वेगळं कलम नाही. पण बीपी, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा आणि दारू आहे, आणि या पाचांपैकी एकही स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर पाय ठेवल्याशिवाय राहत नाही. तुमच्यासाठी त्या यादीतली दुसरी गोष्ट महत्त्वाची: बीपी आणि कोलेस्टेरॉल मधल्या वयात वाढलं तर त्याचा फटका जास्त. म्हणजे तुमच्या घरात ताट बदलण्याची खरी वेळ सासूबाईंची नाही. तुमची आणि मिस्टरांची आहे.

आता तुमचं शेवटचं पान. प्रामाणिकपणे लिहिलंत याबद्दल शाबासकी, एरवी लोक मला डाएटची स्वप्नं लिहून पाठवतात. सकाळी चहा-खारी. दहाला पोहे नाहीतर उप्पीट, वर शेव. दुपारी भाकरी, भाजी, शेंगाचटणी, लोणचं, पापड. चारला चहा-बिस्किट. संध्याकाळी दोन-तीन दिवसांआड डिस्को भजी नाहीतर पाववडा. रात्री साडेदहाला, मालिका संपल्यावर, पोळी, बटाट्याची भाजी, भात-आमटी.

यात तुम्हाला साखर दिसते, मला मीठ दिसतं.

एक काम करा. मिठाचं नवं पाकीट फोडलं की त्यावर पेनने तारीख घाला. संपलं की पुन्हा तारीख बघा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. पाच माणसांचे 25 ग्रॅम. म्हणजे किलोभराचं पाकीट तुम्हाला 40 दिवस तरी पुरायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी हा हिशोब करायला लावते. पहिल्यांदा बहुतेकींचं पाकीट वीस-बावीस दिवसांत संपतं, आणि मग त्या म्हणतात, "मॅडम, धुण्याभांड्यालाही वापरतो की ओ!" ठीक आहे, दोन दिवस धुण्याभांड्याला सोडले. बाकीचे? आणि खारी, शेव, पापड, बिस्किटांतलं मीठ तर त्या पाकिटातून येतही नाही, ते वेगळंच.

खारी हे नावच बघा ना. आपण ती चहात बुडवतो म्हणून गोड वाटते. मैदा, वनस्पती तूप आणि मीठ, पापुद्र्यापापुद्र्याने. तुमच्या पूर्ण यादीतून मला एकच गोष्ट उचलून टाकायची मुभा दिली तर मी सकाळची खारी उचलीन. त्या जागी काय? काल रात्रीची भाकरी. सोलापूरच्या माणसाला नाश्त्याला कडक भाकरी आणि दही सुचू नये आणि मैद्याचा पापुद्रा सुचावा, हे मला कधी उमगलेलं नाही.

ज्वारीबद्दल मात्र मी गावाभिमान आवरून बोलणार आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ज्वारीत कोंडा आणि तंतू आहेत, पांढऱ्या भातापेक्षा आणि मैद्यापेक्षा ती केव्हाही उजवी. पण ती औषध नव्हे. मिस्टर "ज्वारीच आहे की" म्हणत दुपारी चार भाकऱ्या खातात असं तुम्हीच लिहिलंय. चार भाकऱ्यांची साखर चार भाकऱ्यांएवढीच होते. दीड-दोनवर या, आणि उरलेली भूक मटकीच्या उसळीने, अंबाडीने, शेपूने, चाकवताने भरा. हिरवी पालेभाजी रोज एकदा. तुमच्या आठवड्याच्या यादीत ती दोनदाच आली, बटाटा पाचदा. बुधवारच्या बाजारात जुडीवर जुडी पडलेली असते, हा काही महाग सल्ला नव्हे.

गहू सोडायची गरज नाही. ज्याला गव्हाचा आजार आहे त्याने सोडावा.

साखरेचा हिशोब छोटा आहे. सासूबाई दिवसाला पाच कप चहा घेतात, कपाला दोन चमचे. दहा चमचे म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. एकदम तोडू नका, दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा उतरवा, जिभेला कळतही नाही. मिस्टर घरी बिनसाखरेचा चहा पितात, ठीक. दुकानात गिऱ्हाइकाबरोबर किती हाफ होतात हे त्यांना विचारू नका, एचबीए1सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, रिपोर्ट सांगेल.

भज्यांचं काय ते थोडक्यात. महिन्यातून दोनदा खाऊन कुणाचा मेंदू वितळत नाही. आठवड्यातून तीनदा आणि तेही दिवसभर उकळलेल्या तेलातले, हे वेगळं. दारू आणि तंबाखूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून मीही विचारत नाही. घरात कुणी मिश्री लावत असेल तर तीही तंबाखूच.

आता शेंगाचटणी. तुमच्या पत्राची सुरुवात तिने झाली आणि तुम्हाला वाटत असेल की मी ती बंद करायला सांगणार. मुळीच नाही. शेंगदाण्यातली चरबी बहुतांशी चांगल्या प्रकारातली असते, प्रथिनं आहेत, तंतू आहेत, आणि अक्रोडासाठी हजार रुपये मोजायची ऐपत नसलेल्या घरात मेंदूला मानवणारं दाणेदार काही असेल तर ते हेच. दाणे मंद आचेवर खरपूस होईपर्यंत भाजायचे, लसूण, जिरं, लाल तिखट, आणि तेल सुटेपर्यंत कुटायचं. वरून तेल घालावं लागलं तर कुटण्यात कंजुषी झाली समजायचं. तिच्यात वैरी एकच, मीठ, आणि ते आपल्या हातात आहे. अर्धा किलो दाण्यांना चार चमचे घालता ना? अडीचवर आणा, लसूण वाढवा, चटणी बिघडत नाही. आणि ताटात चमचाभर. आमच्याकडे पाहुण्यांना चटणी मुठीने वाढतात, मला माहीत आहे. रोज पाहुणे नसतात.

जोडीला जवसाची आणि कारळ्याची चटणी करा. जवसात ओमेगा-3 प्रकारची चरबी असते. माशातलं ओमेगा-3 शरीर थेट वापरतं, जवसातलं त्याला आधी बदलून घ्यावं लागतं आणि त्यात बरंचसं गळतं. पण तुम्ही मासे खात नाही, तेव्हा जवस चांगला. अक्रोड परवडत असतील तर चार-पाच खा, खरंच काही वाईट नाही, फक्त त्यांचा आकार मेंदूसारखा असतो म्हणून खाऊ नका. त्या न्यायाने राजम्याने किडनी बरी झाली असती. खोबरेल तेल पिणं मात्र नको. डिमेन्शियावर त्याचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही आणि त्यातली संपृक्त चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, म्हणजे ज्या पाइपाची काळजी करायची त्यातच गंज. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगून ठेवलंय की डिमेन्शिया टाळण्यासाठी म्हणून बी किंवा ई जीवनसत्त्वाच्या, ओमेगाच्या गोळ्या घेऊ नयेत.

तुम्ही कात्रण जोडलेल्या 'माइंड डाएट'बद्दलही दोन शब्द. 2015 मध्ये शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस आणि सहकाऱ्यांनी हा आहार मांडला: पालेभाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे-सुकामेवा, बेरी, मासे हे जास्त, आणि लोणी, चीज, तळण, मिठाई, लाल मांस कमी. तो काटेकोर पाळणाऱ्यांत आल्झायमरचा धोका 53 टक्के कमी दिसला. तुमच्या कात्रणात एवढंच आहे. पुढचं नाही. ते निरीक्षण होतं, आणि असं खाणारी माणसं बहुधा चालतात, शिकलेली असतात, बीपीची गोळी वेळेवर घेतात. श्रेय कुणाला द्यायचं? म्हणून 604 लोकांवर तीन वर्षं रीतसर प्रयोग केला, त्याचा निकाल 2023 मध्ये आला. माइंड डाएटवाला गट आणि नेहमीचंच अन्न थोडं कमी खाणारा गट, दोघांचंही वजन उतरलं, दोघांचीही बुद्धीची चाचणी थोडी सुधारली आणि दोघांत म्हणावा असा फरक निघाला नाही. तीन वर्षं कमी पडली असतील हे खरं. तरी 53 चा आकडा डोक्यातून काढून टाका. मीही काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात तो छाती फुगवून सांगितला होता. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

त्यामानाने फिनलंडचा प्रयोग मला जास्त पटतो. 60 ते 77 वयाचे 1260 लोक, दोन वर्षं, आणि नुसता आहार नव्हे. त्याच्या जोडीला व्यायाम, मेंदूचे सराव, बीपी-साखरेवर लक्ष, सगळं एकदम. 2015 मध्ये निकाल आला तेव्हा त्या गटाची बुद्धीची चाचणी दुसऱ्या गटापेक्षा वरचढ होती. एकट्या ताटाकडून फार अपेक्षा करू नका असं मी म्हणते ते यासाठी. जेवणानंतर मिस्टरांना घेऊन अर्धा तास चाला. मालिका साडेदहाला संपतच असेल तर जेवण तिच्या आधी उरका. झोपही सुधारेल.

सासूबाईंसाठी मात्र नियम उलटे आहेत, आणि इथे बरीच घरं चुकतात. विसरायला लागलेल्या माणसाचं वजन आपोआप उतरतं, कारण जेवलो की नाही हेच त्याला आठवत नाही. त्यांना 'डाएट'वर ठेवू नका. तुम्ही लिहिलंय की वर्षभरात त्यांचे ब्लाउज सैल झालेत. त्यांचं वजन दर महिन्याला कॅलेंडरवर लिहा. त्यांचं तूप, दूध, शेंगापोळी तोडू नका. दही सोसत नसेल तर ताक, खीर, पनीर, काहीतरी दुधाचं दोन वेळा पोटात जाऊ द्या. मिठाच्या बाबतीतही त्यांच्यापुरतं डॉक्टरांना विचारा. त्या बीपीची लघवी होणारी गोळी घेत असतील तर उन्हाळ्यात सोडियम आधीच उतरलेलं असू शकतं. आणि ते 'कमी सोडियमचं' महागडं मीठ परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, किडनी नाजूक असेल किंवा काही बीपीच्या गोळ्या चालू असतील तर ते महागात पडतं.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले होते. "सासूबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून त्या आधीच आपल्या खोलीत जेवून घेतात." तुम्ही ते सहज लिहिलंय. मघाशी सांगितलेल्या चौदा कारणांत सगळ्यांत मोठी दोन म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि ऐकू कमी येणं. एकटेपणही त्याच यादीत आहे. कान तपासून घ्या. कधीकधी नुसता मळ निघतो आणि म्हातारीला घर परत ऐकू यायला लागतं. मशीन लागलं तर घ्या, अक्रोडाचे पैसे तिकडे वळवा. आणि त्यांचं ताट उद्यापासून तुमच्याबरोबर. हळू जेवतील, सांडतील, तेच तेच विचारतील. दहाव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर द्यायचं. जमत नाही ओ रोज, मला ठाऊक आहे, मलाही वडिलांच्या बाबतीत जमायचं नाही. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी.

तुम्ही शेवटी विचारलंय की चटणीचं काम आता त्यांच्याकडून काढून घ्यावं का. काढू नका. गॅसपाशी तुम्ही थांबा, दाणे तुम्ही भाजा. कुटणं त्यांचं. त्यांच्या हातांना ते अजून पाठ आहे, डोकं विसरलं तरी हात बराच काळ विसरत नाहीत. फक्त सगळं आधी मोजून ठेवा: लसूण एका वाटीत, तिखट दुसऱ्या, अडीच चमचे मीठ तिसऱ्या वाटीत, आणि मिठाचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या फळीवर. मीठ पडलं का, असं त्यांनी विचारलं की वाटी दाखवायची. रिकामी दिसली म्हणजे पडलं.